जुन्या बीबीसी मायक्रो कॉम्प्युटरमधून धूर, फ्लॉपी ड्राइव्हही अडून बसलाय. नाशकात काय करता येईल? (बजेट ३००० रु.)

सिडकोतला_जुना
मंडळी, बाबा शाळेत गणित शिकवायचे. १९८४ च्या 'क्लास' योजनेत शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले होते. त्यांच्या शाळेतला एक पुढे भंगारात निघाला तेव्हा बाबांनी लिलावात घेतला. इतकी वर्षं माळ्यावर होता. रविवारी पावसात दुसरा उद्योग नव्हता म्हणून काढला, पुसला, जोडला. 'बीबीसी कॉम्प्युटर ३२ के' अशी ओळ आली, बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेची खूणही आली. दहा मिनिटांनी फट्‌! डाव्या बाजूने पांढरा धूर, माशासारखा वास आणि एमसीबी पडला. आई अजून बोलत नाहीये.
दुसरं दुखणं आधीपासूनचं. सव्वापाच इंची ड्राइव्हचा लाल दिवा लागतो तो विझतच नाही. कॅटलॉग (फ्लॉपीवरच्या फाइलींची यादी) मागितला की मशिन लटकतं, ब्रेकचं बटण दाबल्याशिवाय सुटका नाही. बाबांचा वेळापत्रकाचा प्रोग्रॅम फ्लॉपीवर आहे, तो हवाय. बजेट तीन हजार, त्यावर एक रुपयाही नाही.

पंचवटी_एक्सप्रेस
इन्व्हर्टरवर लावला होता का? जुन्या इन्व्हर्टरची लाइन चौकोनी असते, त्याने पॉवर सप्लाय जातात. माझे दोन टीव्ही गेलेत.

सिडकोतला_जुना
नाही हो, भिंतीतल्या प्लगवर होता.

पंचवटी_एक्सप्रेस
तरी इन्व्हर्टर बदलाच. मी साइन वेव्हवाला घेतला, बॅटरीसकट २४ हजार. डोक्याला ताप नाही.

सोल्डरचा_धूर
घाबरू नका, हा आजार ठरलेला आहे. सप्लायच्या डब्यात मेन्सच्या वाटेवर दोन फिल्टर कपॅसिटर असतात, पिवळट पारदर्शक खोळीतले. आत कागद असतो. वर्षानुवर्षांत खोळीला केसासारख्या भेगा पडतात, दमट हवा आत शिरते, आणि माळ्यावरून काढून वीज दिली की धूर. तुम्ही तर जुलैत काढलात! ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे, २७५ व्होल्ट एसी, 'एक्स-२' छापलेले नवे टाका. मिळेपर्यंत नुसते कापून टाकले तरी मशिन चालतं, त्यांचं काम फक्त खरखर गाळायचं.

नियमात_बसतंय_का
"कापून टाका" हा सल्ला उघड्यावर देऊ नये. फिल्टर शोभेला दिलेला नसतो.

सोल्डरचा_धूर
साहेब, "मिळेपर्यंत" हा शब्द वाचलात का?

नियमात_बसतंय_का
वाचला. आपल्याकडे "मिळेपर्यंत" म्हणजे पुढची वीस वर्षं.

गंगापूररोडकर
+१, कपॅसिटरच. पिवळे असतात ते.

अठ्ठेचाळीस_के
आमचा डेसिबेल्स कंपनीचा स्पेक्ट्रम प्लस हा घरगुती कॉम्प्युटर अजून ठणठणीत आहे. फ्लॉपी नाही, ड्राइव्ह नाही, काही लफडंच नाही. साधा टेपरेकॉर्डर, पाच मिनिटं चिरचिर ऐकायची आणि गेम सुरू. बीबीसी म्हणजे सरकारी खर्चाचा थाट.

गंगापूररोडकर
रबरी बटणांवर बोटं झिजवणाऱ्यांनी बोलू नये.

अठ्ठेचाळीस_के
प्लसला रबरी बटणं नव्हती. आधी माहिती घ्या.

टीव्हीवाला_काका
लेका, मुद्द्यावर येतो. डबा उघडशील तेव्हा प्लग काढलेला असला तरी हात घालू नकोस. मोठ्या कपॅसिटरवर ३२० व्होल्ट डीसी साठतो, आधी मीटर लावून बघ. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा थेट मेन्सवर नको, शंभर वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये घाल. क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, ढणढण पेटून राहिला तर अजून शॉर्ट आहे. मग ५ व्होल्टची लाइन मोज. ४.७५ च्या खाली असेल तर मशिन नुसतं एकसुरात बोंबलत बसेल आणि तू उगाच आयसी बदलत राहशील.
एलईडी बल्ब लावू नकोस. एकाने लावला होता आणि मलाच फोन करून भांडला.

पंचवटी_एक्सप्रेस
शंभर वॅटचा पिवळा बल्ब हल्ली मिळतो कुठे?

टीव्हीवाला_काका
माझ्याकडे अकरा आहेत.

डेटा_वाचवा
ड्राइव्ह दुरुस्तीच्या नादी लागू नका, गोटेक घ्या, म्हणजे फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारा डबा. पेनड्राइव्ह लावायचा, फ्लॅशफ्लॉपी फर्मवेअर टाकायचं, झालं. मी दोन घेतले, शिवाय फ्लॉप्या कॉपी करायला ग्रीझवीझल. सगळं मिळून साडेनऊ हजार.

सिडकोतला_जुना
बजेट तीन हजार आहे.

डेटा_वाचवा
कळलं. पण एकदाच करायचं तर नीट करा.

सोल्डरचा_धूर
थांबा. दिवा विझतच नाही म्हणालात ना? चपटी रिबन केबल तुम्ही पुसताना काढून परत लावलीत का? उलटी लागली की दिवा कायमचा लागून राहतो. लाल कडेची तार म्हणजे एक नंबरची पिन, ती जुळवा. ड्राइव्ह मेलेला नसेल, उलटा बोलत असेल. त्यानंतरही 'डिस्क फॉल्ट १८' आलं तर मागे चाळीस-ऐंशी ट्रॅकचा खटका आहे का बघा. आणि फ्लॉपी आधी उजेडात धरा. खिडकीतून चकतीवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. तशी फ्लॉपी घातलीत तर हेडला लेप बसतो आणि पुढची चांगली फ्लॉपीही खरवडली जाते.

गंगापूररोडकर
+१, केबल उलटी असणार.

नियमात_बसतंय_का
अवांतर: शाळेच्या मालमत्तेची लिलावाची पावती आहे का?

सिडकोतला_जुना (आठ दिवसांनी)
पावती आहे, बाबांनी लॅमिनेट करून ठेवलीय.
अपडेट देतो. कपॅसिटर टीव्हीवाल्या काकांनीच बदलले. साठ रुपयांचा माल, मजुरी घेतली नाही, चहा दोनदा घेतला. ५ व्होल्टच्या लाइनवर ५.०४ आले. केबल उलटीच होती, मीच लावली होती. याबद्दल घरी कुणी काही विचारू नका.
दिवा आता शहाण्यासारखा वागतो. फ्लॉपीवर मात्र ठिपके होते. इथलं सगळं बाबांना वाचून दाखवलं. ते "हं" म्हणाले. संध्याकाळी मी दूध आणायला गेलो तेवढ्यात त्यांनी फ्लॉपी घातली. जिन्यातूनच खडूने फळा ओरबाडल्यासारखा आवाज आला. हेड स्पिरिटने दोनदा पुसलं, बोळा चहासारखा तपकिरी. फ्लॉपीवर बांगडीएवढा पारदर्शक पट्टा पडलाय, तिथला प्रोग्रॅम गेला तो गेलाच.

डेटा_वाचवा
म्हणून म्हणत होतो.

सिडकोतला_जुना
बाबा गोटेक नको म्हणतात. पेनड्राइव्हच लावायचा तर तुझा लॅपटॉप काय वाईट, असा त्यांचा प्रश्न आहे आणि मला उत्तर सुचलं नाही. आता जुन्या वहीतून प्रोग्रॅम परत टाइप करताहेत. सव्वीस पानं, पेन्सिलीने लिहिलेली. रोज दोन तास, तोवर मशिन बंद करायचं नाही, म्हणून आम्ही सगळे लाइट जाण्याच्या धाकात. एकदा गेली, अकरा पानं गेली.
तर नवा प्रश्न. बीबीसीला मागे कॅसेटचं सॉकेट आहे. १२०० बॉडने (सेकंदाला १२०० बिट) मिनिटाला साधारण सात केबी जातात, प्रोग्रॅम नऊ केबीचा होईल. चालू टेपरेकॉर्डर कुणाकडे आहे का? रिमोटचं भोक असलेला हवा, मोटर मशिनच चालू-बंद करतं. भद्रकालीतल्या जुन्या बाजारात दोन बघितले, दोन्हींचे पट्टे विरघळून डांबर झालेत. बजेट तेच.

अठ्ठेचाळीस_के
मी काही बोलत नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझ्याकडे तीन आहेत.

पंचवटी_एक्सप्रेस
लाइट गेली? म्हणून सांगत होतो, इन्व्हर्टर.

गंगापूररोडकर
+१, गोटेक घ्या.