वॉल्टर क्रॉन्काइट : वर्गात काय दाखवावे, स्वतः काय वाचावे?

शाईपेन :
पत्रकारितेच्या पदविका वर्गात मला सीबीएस या अमेरिकी वाहिनीचे वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांच्यावर पाऊण तास बोलायचे आहे. १९६२ ते १९८१ या काळात त्यांनी संध्याकाळच्या बातम्या सांगितल्या आणि प्रेक्षकांचा त्यांच्यावर विलक्षण विश्वास होता, एवढे सगळीकडे वाचायला मिळते. तो विश्वास कशातून आला हे विद्यार्थ्यांना दिसावे, यासाठी कोणती चित्रफीत दाखवावी, हे जाणकारांनी कृपया सुचवावे.

जुनी तार :
२२ नोव्हेंबर १९६३ चे प्रक्षेपण दाखवा. मात्र अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या मृत्यूची बातमी देताना ते चष्मा काढतात आणि आवंढा गिळतात, तो सुप्रसिद्ध तुकडा तेवढा दाखवून थांबू नका. सुरुवात तासभर आधीपासून करा. गोळीबाराचे वृत्त आले तेव्हा स्टुडिओतला कॅमेरा तापलेला नव्हता आणि त्या काळी त्याला बराच वेळ लागत असे, म्हणून चालू मालिका तोडून पडद्यावर नुसती पाटी लावली गेली आणि मागून त्यांचा आवाज ऐकू आला. पुढे ते दिसतात तेव्हा अंगात कोट नाही, फक्त सदरा आणि टाय. डॅलसहून वार्ताहर डॅन रादर यांनी मृत्यूचे वृत्त कळवले, ते क्रॉन्काइट यांनी सांगितले, पण अधिकृत दुजोरा मिळालेला नाही हेही त्याच दमात सांगितले. तसा कागद हातात पडल्यावरच ते भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून 'अडतीस मिनिटांपूर्वी' असा हिशेब करतात. मला विचाराल तर चष्म्यापेक्षा हे थांबणे शिकवण्यासारखे आहे.

ही शिस्त वृत्तसंस्थेतली आहे. १९३७ साली ते युनायटेड प्रेसमध्ये लागले, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानातून जर्मनीवर गेले, नाझी नेत्यांवरचा न्यूरेंबर्गचा खटला आणि मॉस्को पाहून मगच १९५० मध्ये सीबीएसमध्ये आले. (आपल्याकडे कॅमेऱ्यासमोर थेट उभे राहणाऱ्यांना हे अवश्य सांगावे.)

व्हिएतनामच्या बाबतीत जरा जपून. २७ फेब्रुवारी १९६८ च्या विशेष कार्यक्रमात त्यांनी, हे माझे मत आहे असे बजावून, युद्ध कोंडीत अडकल्याचे म्हटले, हे खरे. पण 'क्रॉन्काइट गमावला म्हणजे देश गमावला' असे तेव्हाचे अध्यक्ष जॉन्सन कार्यक्रम पाहता पाहता उद्गारले, ही गोष्ट वर्गात सांगू नका. जॉन्सन त्या संध्याकाळी टेक्सासमध्ये एका वाढदिवसाच्या समारंभात होते.

पाटीपुस्तक :
वरील प्रतिसाद पटला, तरी नुसता गौरव नको. ऑक्टोबर १९७२ मध्ये वॉटरगेटवर (अध्यक्ष निक्सन यांच्या माणसांनी विरोधी पक्षावर केलेल्या हेरगिरीचे प्रकरण) त्यांच्या बातमीपत्रात दोन भागांचा वृत्तांत झाला; पहिला सुमारे चौदा मिनिटांचा होता आणि व्हाइट हाउसमधून वाहिनीच्या मालकांकडे तक्रार गेल्यानंतर दुसरा आठ मिनिटांवर आणला गेला. विश्वासू चेहऱ्यामागेही मालक असतो, हे विद्यार्थ्यांना यातून नेमके कळेल.

शाईपेन :
दोघांचे आभार. १९९६ चे त्यांचे आत्मचरित्र तेवढे वाचले तर चालेल काय?

जुनी तार :
युनायटेड प्रेसच्या दिवसांसाठी ते जरूर वाचा, पण त्यासोबत डग्लस ब्रिंकली यांचे २०१२ चे चरित्रही हाताशी ठेवा. ते जाडजूड आहे. वेळ कमी असेल तर १९६३ आणि १९६८ ची प्रकरणे आधी काढा.