वजनाच्या इंजेक्शनवर असलेल्यांचा दुपारचा डबा: काय द्यायचं, किती द्यायचं?

प्रश्न: घरगुती डबे, रत्नागिरी

माझ्याकडून डबा घेणाऱ्या दोघांना डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायचं वजन कमी करण्याचं इंजेक्शन सुरू केलंय. एकांना सेमाग्लुटाइड, ते मासे खातात. दुसऱ्या बाई शाकाहारी, त्यांना टिर्झेपटाइड आणि जोडीला मधुमेहाच्या गोळ्या.

डब्यात सध्या दोन पोळ्या, दीड वाटी भात, माशाचं कालवण किंवा आमटी, एक भाजी आणि सोलकढी असते. सोलकढी संपलेली असते, आमटीही बरीचशी. मासा, उसळ, पोळी मात्र निम्म्याहून जास्त परत येते. डबा साडेअकराला निघतो आणि दीडला उघडतो.

कमी द्यायला हवं एवढं कळतं. पण आधी काय काढायचं? प्रथिनं किती द्यायची? उपवासाला काय? नीट मापं सांगितलीत तर मला बांधणं सोपं जाईल.

उत्तर: आहारतज्ज्ञ, कुडाळ

ताई, आधी कमी करायचं ते भात-पोळी, नारळाचं दाट वाटप आणि तळण. मासा, अंडं, कडधान्य, दही यांना हात लावायचा नाही. आत्ता नेमकं उलटं होतंय. पातळ पदार्थ पटकन घशाखाली उतरतात, तेवढ्यानंच पोट भरतं आणि प्रथिनं तुमच्याकडे परत येतात.

जेवल्यावर आतड्यात जीएलपी-१ नावाचं हार्मोन तयार होतं, ही औषधं त्याच्यासारखं काम करतात. टिर्झेपटाइड जीआयपी या दुसऱ्या हार्मोनचंही काम करतं. पोट भरल्याची जाणीव लवकर होते आणि जठरातलं अन्न पुढे सरकायला वेळ लागतो. भूक निम्म्यावर आली म्हणून शरीराची प्रथिनांची गरज निम्मी होत नाही. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि ताटात प्रथिनं कमी नि व्यायाम शून्य असेल तर जास्तच झिजतात. त्यामुळे या दोघांचा डबा त्यांच्या भुकेवर बेतू नका, प्रथिनांवर बेता.

निरोगी प्रौढाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. वजन कमी होत असताना साधारण १.२ ग्रॅम धरतात, तेही गाठायच्या वजनावर. म्हणजे ६५ किलोचं लक्ष्य असेल तर दिवसाला ७८ ग्रॅम. त्यातले २५ ग्रॅम दुपारच्या डब्यातून गेले तर तुमचं काम झालं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना हा हिशोब लागू नाही, त्यांचा आकडा डॉक्टरच देतील. एवढं दोघांनाही विचारून घ्या.

आता आकार. सुरुवातीचे महिने आणि प्रत्येक वेळी डोस वाढल्यावर एका बैठकीला १५० मिलीच्या दोन वाट्या अन्न म्हणजे डोक्यावरून पाणी. त्यातली एक वाटी प्रथिनांची, अर्धी शिजवलेल्या भाजीची (पडवळ, दोडका, दुधी, शेवग्याचा पाला) आणि अर्धी भाताची किंवा त्याऐवजी अर्धी भाकरी.

मासे खाणाऱ्यांचं सोपं आहे. दीडशे ग्रॅमच्या अख्ख्या बांगड्यात काटे-डोकं वगळून ८०-९० ग्रॅम मांस निघतं, त्यात १६ ते १८ ग्रॅम प्रथिनं. सोललेली कोळंबी १०० ग्रॅम घेतली तर २० च्या आसपास. सुरमईची तुकडीही त्याच हिशोबात. ओल्या बोंबलात पाणीच फार, त्यामुळे तेवढ्याच वजनाला प्रथिनं बांगड्याच्या जेमतेम निम्मी. त्या दिवशी जोडीला एक उकडलेलं अंडं (६ ग्रॅम) द्या.

शाकाहारी डब्याला जास्त विचार लागतो. तीच आमटी पातळ करून वाढली की प्रथिनं नावालाच उरतात. ४० ग्रॅम कोरड्या मुगाच्या उसळीतून ९ ते १० ग्रॅम मिळतात. अर्ध्या लिटर गाईच्या दुधाचं दही टांगून जो चक्का होतो, त्यात १२-१३. पन्नास ग्रॅम पनीर ९. सोयाबीनच्या वड्या कोरड्या २५ ग्रॅम घेतल्या तर १३, पण त्या दोनदा गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळायच्या, नाहीतर पोटात वारा धरतो. उसळ आणि चक्का एका बैठकीत जात नसतील तर चक्का चारसाठी वेगळा बांधा. काजूची उसळ मात्र या दिवसांत चवीपुरतीच, स्निग्धांश फार.

खाण्याचा क्रमही चिठ्ठीवर लिहून द्या: आधी मासा किंवा उसळ, मग भाजी, शेवटी भात. सावकाश, वीसेक मिनिटं घेऊन. पहिली ढेकर किंवा छातीशी दाटल्यासारखं वाटलं की हात थांबवायचा. त्यानंतरचा एक घाससुद्धा उलटून येऊ शकतो. पाणी जेवताना घोटभरच. उरलेलं जेवणाच्या अर्धा तास आधी आणि नंतर.

बद्धकोष्ठ बऱ्याच जणांना होतो. पण लगेच कच्च्या काकडी-कोबीचा डोंगर देऊ नका. पाणी कमी आणि चोथा जास्त झाला की पोट आणखी जड होतं.

उत्तर: चूल आणि तवा, मालवण

मापं वर आलीच आहेत, मी करायच्या पद्धतीबद्दल लिहिते.

नारळाचा मोह आवरा. भरपूर स्निग्धांश असलेलं जेवण मुळातच जठरातून हळू सरकतं, त्यात हे औषध. मग संध्याकाळपर्यंत जळजळ आणि कुजक्या अंड्यासारख्या वासाच्या ढेकरा. दोन माणसांच्या कालवणाला दोन मोठे चमचे ओलं खोबरं पुरे. दाटपणा हवा असेल तर भाजलेला कांदा वाटून घाला. सोलकढीऐवजी फुटी कढी द्या: आगळ (कोकमाचा खारवलेला रस), पाणी, जिरं, ठेचलेली मिरची, कोथिंबीर, नारळाचं दूध नाही. आगळात मीठ असतंच, वरून घालू नका. आणि ती जेवणाबरोबर न पिता चारला प्यायला सांगा. ज्यांना आम्लपित्त आहे त्यांना तीही सोसत नाही.

या डब्याला खरा न्याय देतं ते तिखलं, म्हणजे अंगाबरोबर रसाचा तिखट-आंबट मासा. चार बांगड्यांना एरवी आठ-दहा बेडगी मिरच्या लागतात, इथे चारच घ्या. धणे, हळद, पाच-सहा आमसुलं, बिया काढून ठेचलेली पाच-सहा तिरफळं. टोपात मासा जेमतेम बुडेल एवढंच पाणी, मध्यम आचेवर आठ ते दहा मिनिटं. डाव घालायचा नाही, टोप फडक्यानं धरून हलवायचा. अंगाबरोबर रस राहिला की डब्यात सांडत नाही आणि पातळ रसानं पोटही भरत नाही.

तळलेल्या तुकडीला रवा लावू नका, रवा तेल धरून ठेवतो. तांदळाच्या पिठाचा पातळ हात, बिडाचा तवा नीट तापलेला, एक चमचा तेल, एका बाजूला चार मिनिटं. मळमळीच्या दिवशी बांगडा-तारलीचा उग्र वासच नको होतो, तेव्हा मुडदुशे किंवा कोळंबी.

कुळथाची पिठी आपल्याकडे पाण्यासारखी करतात. या डब्यासाठी एका वाटीला ३० ग्रॅम पीठ, म्हणजे तीन मोठे चमचे, गार पाण्यात कालवून मग फोडणीत सोडा. गरम पाण्यात थेट पीठ टाकलं की गुठळ्या होतात. तरी एका वाटीत प्रथिनं ६-७ ग्रॅमच, त्यामुळे पिठी-भात एवढंच म्हणजे पूर्ण जेवण झालं असं धरू नका.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. साडेअकरा ते दीड हे दोन तास आपल्या दमट हवेत लांबच असतात. बांगडा, तारली, कुपा हे मासे बर्फाविना राहिले की त्यांच्यात हिस्टामाइन नावाचं त्रासदायक रसायन तयार होतं, आणि ते शिजवूनही जात नाही. चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, मळमळ, हे सगळं मग इंजेक्शनच्या नावावर खपतं. बाजारातून येतानाच माशाच्या वजनाएवढा बर्फ घ्या, घरी थेट फ्रीज, शिजल्यावर वाफाळतं भरून जाड डब्यात. चक्का मात्र वेगळ्या डबीत, गोठवलेल्या पाण्याच्या बाटलीला लावून.

प्रथिनांची वाटी सगळ्यात वरच्या खणात ठेवा. माणूस वरचा डबा आधी उघडतो.

उत्तर: औषध दुकान, चिपळूण

दोघांनाही इंजेक्शनचा वार विचारा आणि तुमच्या वहीत लिहून ठेवा. मळमळ सहसा त्यानंतरचे दोन-तीन दिवस जास्त असते. त्या दिवसांत छोटा डबा, आठवड्याच्या उत्तरार्धात मोठा. डोस पायरीपायरीनं वाढतो: सेमाग्लुटाइड ०.२५ मिलीग्रॅमनं सुरू होऊन चार आठवड्यांनी ०.५, टिर्झेपटाइड २.५ नं सुरू होऊन चार आठवड्यांनी ५. पायरी चढली की पुन्हा काही दिवस छोट्या डब्यावर या.

बाईंच्या गोळ्यांचं नाव नक्की बघा. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल, किंवा इन्सुलिन चालू असेल, आणि त्यांनी डबा तसाच ठेवला, तर साखर खाली जाऊ शकते. घाम, थरथर, अंधारी. त्यांचा डोस कमी करायचा का हे डॉक्टरांनी ठरवायचं, पण तुम्ही निदान त्यांचा भात पूर्ण बंद करू नका, अर्धी वाटी ठेवाच. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर हा धोका फार कमी.

उपवासाला साबुदाण्याची खिचडी टाळा. पिष्ट आणि तेल, वर दाण्याचं कूट. अर्धी वाटी वरीचा भात, चक्का आणि पन्नास ग्रॅम पनीर तव्यावर परतून, हे चांगलं बसतं. निर्जळी असेल तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, पाणी कमी पडून मूत्रपिंडावर ताण येतो.

पोटाच्या वरच्या भागात असह्य दुखणं, ते पाठीत जाणं. उजव्या बरगडीखाली कळ आणि ताप किंवा डोळे पिवळे. पाणीही पोटात न ठरणं. यातलं काही त्यांनी डबा घेताना बोलून दाखवलं तर ओवा-लिंबू सुचवू नका, लगेच दवाखान्यात जायला सांगा. स्वादुपिंड किंवा पित्ताशयाचा त्रास असू शकतो.

प्रश्न: घरगुती डबे, रत्नागिरी

सगळं लिहून घेतलं. दोन शंका राहिल्या. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा काय? आणि बाई मळमळीच्या दिवशी पेजच मागतात, देऊ का?

उत्तर: आहारतज्ज्ञ, कुडाळ

बंदीच्या दिवसांत अंडी आणि सुकं. तीन अंड्यांत १८ ग्रॅम. सुका जवळा किंवा सुके बोंबील २० ग्रॅम घेतले तर १२ च्या आसपास. जवळा आधी कोरडा भाजून, मग दोन पाण्यांतून धुऊन घ्या, वाळू आणि वरचं मीठ दोन्ही जातं. रक्तदाब असेल तर खारवलेला मासा नको, सुकंही आठवड्यातून एकदाच.

पेज द्या, मळमळीत तिच्यासारखं दुसरं काही नाही, पाणी आणि मीठही जातं. फक्त नुसत्या उकड्या तांदळाच्या पेजेच्या वाटीत प्रथिनं ग्रॅम-दोन ग्रॅमच असतात. म्हणून २५ ग्रॅम तांदळाला २५ ग्रॅम मुगाची डाळ घालून एकत्र मऊ शिजवा, आठेक ग्रॅम होतील. चक्का चारला. फोडणी नको, लसूण नको, वरून चिमूटभर मीठ. दोन तासांत ती आळून गोळा होते, त्यामुळे भरताना नेहमीपेक्षा पातळ ठेवा आणि गरमच बंद करा.