मदत हवी आहे: 'रात्रीस खेळ चाले'चं पहिलं पर्व संपलं, पुढे काय पाहू?

नमस्कार मंडळी. मी वेंगुर्ल्याची. २०१६ मध्ये ही भुताखेतांची रहस्यमालिका टीव्हीवर सुरू झाली तेव्हा कॉलेजसाठी बाहेर होते, त्यामुळे राहूनच गेली. या पावसात आजीसोबत पहिलं पर्व पाहिलं आणि अक्षरशः प्रेमात पडले.

भुतापेक्षा मला त्यातलं घर जास्त भिडलं. घरातले मोठे, अण्णा नाईक, वारल्यावर सगळं कुटुंब वाड्यात जमतं आणि प्रत्येकजण दुसऱ्याकडे संशयाने बघायला लागतो. जमिनीच्या वाटण्या, भावाभावांतला अबोला, हे आमच्याकडे घरोघरी पाहिलेलं आहे. अण्णांची बायको माई बोलायला लागली की आजी हातातली सोलं तशीच धरून बसायची. एकदा ऐन रहस्याच्या क्षणी लाईट गेली, तर म्हणाली, "आता माका झोप येवची नाय गो!"

आता अडचण अशी. दुसरं पर्व २०१९ मधलं, त्यात गोष्ट मागे जाते, अण्णांच्या काळात. तिसरं २०२१ मधलं. मग लागलीच दुसरं पाहावं की पहिल्याची ओढ मनात आहे तोवर थोडं थांबावं? ज्यांनी तिन्ही पाहिलीत त्यांनी सांगा, पण कृपा करून रहस्य फोडू नका.

आणखी एक. चित्रीकरण झालेला आकेरीचा वाडा आजीला दाखवायचाय. सावंतवाडीकडच्या कोणी सांगाल का, तिथल्या माणसांना त्रास न देता बाहेरून पाहता येतो का? तिचे गुडघे दुखतात, गाडी किती जवळ जाते तेही कळवा.