लॉटरीवर तीस टक्के, मग चकलीवर का नाही?

सातारी_कंदी (धागाकर्ता):
आमच्या मेव्हण्याला राज्य लॉटरीत १ लाखाचं बक्षीस लागलं. पेढे वाटून झाले आणि हातात पडले ७० हजार. सीए म्हणतो, उपकराचे १२०० अजून भरायचेत, शिवाय नेहमीचा आयटीआर १ (पगारदारांचा साधा विवरण फॉर्म) चालणार नाही. मेव्हण्याला पगार १५ लाख, तेव्हा तो काही रस्त्यावर आला नाही. पण गडी अकरा वर्षं महिन्याला ५०० ची तिकिटं घेतोय. म्हणजे ६६ हजार घातले आणि ६८,८०० मिळाले! तिकिटाचा एक रुपया वजा होत नाही. त्याच घरात वहिनी दिवाळीच्या तीन आठवड्यांत दीड लाखाचा फराळ विकते, तिला कोणी हटकत नाही. माझं म्हणणं, तिकिटं वजा द्या आणि २ लाखांपर्यंतची जोडकमाई दाखवायची सक्तीच काढून टाका.

हिशोबनीस:
वहिनींना उगाच चोर ठरवताय. दीड लाख ही विक्री झाली, उत्पन्न नव्हे. छोट्या धंद्याला अंदाजे नफ्याची सोय आहे: रोख विक्रीच्या किमान ८ टक्के नफा धरायचा, यूपीआय वगैरेवर ६. सगळी रोख धरली तरी १२ हजार. त्यांना दुसरी कमाई नसेल तर नव्या करपद्धतीत ४ लाखांपर्यंत कर नाही. लपवायला आहेच काय? मेव्हण्याचं वेगळं. लॉटरीला सरसकट ३० टक्के, तिथे ना मूळ सूट, ना ८०सी ची बचतीवरची वजावट.

नाक्यावरचा:
आणि ते बरोबरच आहे. तिकिटं वजा द्यायला लागले तर काय होईल सांगतो. आमच्या चौकातल्या लॉटरीच्या टपरीसमोर संध्याकाळी न लागलेल्या तिकिटांचा खच पडतो. बक्षीस लागलेला माणूस आधी झाडूवाल्याला गाठेल. पिशवीभर तिकिटं, सगळी 'माझीच'. त्यावर नाव असतं का कुणाचं?

सातारी_कंदी:
मग ऑनलाइन गेमवाल्यांना २०२३ पासून भरलेले पैसे वजा करून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर कर कसा लावला? तो लाडका, आमचा तिकीटवाला सावत्र?

हिशोबनीस:
तिथे भरलेला आणि काढलेला प्रत्येक रुपया खात्यात दिसायचा. झाडूवाल्याचा संबंधच नाही. तसंही पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदीच आली.

अर्धवेळ_अनुवादक:
२ लाखांच्या सवलतीला माझा विरोध, आणि तोही पोळलेल्या माणसाचा. नोकरी सांभाळून रात्री भाषांतरं करायचो. एका संस्थेने १० टक्के टीडीएस कापून पैसे दिले. मला वाटलं, कर कापला, विषय संपला. सवयीने आयटीआर १ भरून मोकळा. नंतर निरोप आला की एआयएसमध्ये (करखात्याकडच्या आपल्या कमाईच्या नोंदीत) दिसणारी रक्कम विवरणात नाही. उघडून बघतो तर तीन बिलं तारखेनिशी तिथे हजर. उरलेला कर व्याजासकट भरला. जास्त झोंबलं ते पुढचं: धंद्याचं उत्पन्न म्हणून वेळेत दाखवलं असतं तर इंटरनेटचं बिल आणि लॅपटॉपचा घसारा वजा झाला असता. न दाखवून नुकसान माझंच.

गावचा_मास्तर:
तुम्हाला दाखवता तरी येतं हो. शाळेतल्या शिक्षकाला शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शिकवणीच बंद. दाखवावी तर नोकरीवर गदा, न दाखवावी तर कर चुकवला. (मी घेत नाही. आधीच सांगतो.)

नाक्यावरचा:
मास्तर, हे 'आधीच सांगतो' फार गोड.

डोंबिवलीकरीण:
मध्येच विचारते, वीस जणींची २ हजारांची भिशी आहे. माझा नंबर लागला, ४० हजार आले. हे बक्षीस धरायचं का?

हिशोबनीस:
नाही ताई. जेवढे घेतले तेवढेच वीस महिन्यांत घालणार ना? ते तुमचेच पैसे. निर्धास्त राहा.

सातारी_कंदी:
झाडूवाल्यापुढे हात टेकले, तिकिटांचा मुद्दा मागे. २ लाखांचा सोडलेला नाही. एवढ्यातेवढ्यासाठी माणसाने आयटीआर ३ न् ४ या धंदेवाल्यांच्या फॉर्मच्या भानगडीत का पडावं? बाकी, वहिनीला ८ टक्क्यांचं सांगितलं. ती म्हणते, तेलाचा डबा केवढ्याला झालाय ते तुमच्या त्या हिशोबनिसांना विचारा, आठ टक्के सुटतात का ते तिलाच बघायचंय.