सोयाबीनच्या रानात गहू : नांगरट की रोटाव्हेटर?

जिंतूरची_काळी
दोन एकर सोयाबीन निघालं. भारी काळी जमीन, विहिरीवर चार पाणी होतील. चंदनबटव्याचं तण सगळीकडं उगवतं, अन् बांधाकडच्या अर्ध्या एकरात हरळी-लव्हाळा शिरलाय. नांगरट करू की रोटाव्हेटर मारून पेरू? तणनाशक कोणतं?

रब्बीवाला
नांगरट नको. आता नांगरलं तर ढेकळं निघतील, ती फोडण्यात आठ दिवस जातील अन् ओलही उडेल. 15 नोव्हेंबरच्या पुढं दर पंधरवड्याला एकरी क्विंटलभर उतारा कमी धरा. वखराच्या दोन पाळ्या पुरे.

दिवस हाताशी असतील तर आधी रान ओलवा, चंदनबटवा उगवू द्या, वापशावर (ओल उतरून रान कामाजोगं झालं की) उथळ वखरून लगेच पेरा. खोल वखरलं की खालचं बी वर येतं, केलेलं वाया.

वापसा_परभणी
वरच्याशी सहमत, पण हरळीच्या अर्ध्या एकरात रोटाव्हेटर नकोच. काशांचे (जमिनीतल्या खोडांचे) तुकडे होतात अन् प्रत्येक कांडी फुटते. लव्हाळ्याच्या गाठीही सुट्या होऊन रानभर पसरतात. तिथं वखरून काशा वेचून बाहेर काढा. खोल नांगरट एप्रिल-मेच्या उन्हात करा, तेव्हा ती कामी येते.

ओल्या काळ्या मातीत रोटाव्हेटर चालवला की खाली तवा (मातीचा घट्ट थर) धरतो, वर माती फुगते. बी 5-6 सेंमीच्या खाली गेलं तर उगवण विरळ अन् फुटवेही कमी.

जिंतूरची_काळी
समजलं. चंदनबटव्याला फवारणी? गव्हात मोहरीचे चार तास टाकायचेत, शेजाऱ्याचा कापूस अजून उभा आहे.

रब्बीवाला
कापूस शेजारी असताना टू-फोर-डी हे तणनाशक हातात घेऊ नका. वाऱ्यानं थोडं उडालं तरी पानं आकसतात. पेऱ्यावर आलेल्या (कांडी धरलेल्या) गव्हावर मारलं तर ओंब्याही वाकड्या निघतात.

मेटसल्फ्युरॉन मिथाईल 20 टक्के, एकरी 8 ग्रॅम, पेरणीनंतर 25-30 दिवसांनी. तण दोन-चार पानांवर अन् जमिनीत ओल हवी. पंपागणिक ग्रॅम मोजता येत नाही, गोची तिथंच होते. म्हणून एकराची पुडी साडेसहा लिटर पाण्यात विरघळवा अन् 15 लिटरच्या प्रत्येक पंपात अर्धा लिटर टाका. 13 पंपांत एकर होतो. सोबतचं चिकट द्रव्य विसरू नका, नोझल पट्ट्याचं घ्या. वारा असेल त्या दिवशी हेही मारू नका, कापसाला यानंही इजा होते. हरळी यानं मरत नाही.

मोहरी मात्र जाईल.

वापसा_परभणी
मोहरी ठेवायची तर खुरपणीच. 18-20व्या दिवशी खुरपा, मग एकरी 50 किलोच्या आसपास युरिया, त्यावर लगेच मुकुटमुळांच्या (बुडाशी नवी मुळं फुटण्याच्या) वेळचं पाणी. क्रम उलटा झाला की अर्धा युरिया चंदनबटवा खातो.