इंग्रजी म्हणजे निम्मी फ्रेंचच ना?

कोशकीटक: लेकीकडून फ्रेंच शब्द पाठ करून घेत होतो. ‘तॅब्ल’, ‘ओरांज’, ‘म्युझिक’... अर्धे तिला आधीच येत होते, इंग्रजीमुळे! १०६६ साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंडात हेस्टिंग्जची लढाई जिंकला आणि पुढे तीनेकशे वर्षं तिथल्या दरबारात फ्रेंचची चलती. जज, ज्यूरी, प्रिझन, टॅक्स सगळं तिकडचंच. गोठ्यातली ‘काऊ’ इंग्रजी, ताटातलं ‘बीफ’ फ्रेंच. माझं मत ठाम आहे: इंग्रजी निम्मी फ्रेंच.

खडूस मास्तर: अहो, शब्द मोजून भाषेचं गोत्र ठरत नाही. मदर, वॉटर, ईट, स्लीप, आय, यू, द, अँड... घरातलं सगळं जर्मॅनिक, म्हणजे जर्मन-डचच्या कुळातलं. वकील, फिर्याद, जामीन, हुकूम हे शब्द फारसी-अरबीतून आले, म्हणून मराठी फारसी झाली का? शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तरी कोर्टात आपण ‘वकील’च लावतो.
आणि काऊ-बीफची गोष्ट ऐकायला गोड, पण इतकी चोख नाही. ‘बीव्हज’ हे बीफचंच अनेकवचन, अर्थ जिवंत गुरं!

कोशकीटक: गोत्र नाही ठरत, मान्य. पण उसनवारी फक्त कोर्टापुरती म्हणू नका. ‘व्हेरी’ जुन्या फ्रेंचमधल्या ‘खरा’ अर्थाच्या शब्दावरून आलाय. ‘बिकॉज’मधला ‘कॉज’ही फ्रेंच. हे घरातलेच शब्द की हो.

खडूस मास्तर: आपला ‘आणि’ अर्थाचा ‘व’ पण अरबी-फारसीकडूनच आला म्हणतात. मग?

वकीलीणबाई: गंमत सांगते. १३६२ मध्ये इंग्लंडात कायदा झाला की कोर्टात इंग्रजीतच बोलायचं, कारण फ्रेंच लोकांना कळत नाही. तो कायदा लिहिला फ्रेंचमध्ये! आजही तिथे विधेयकाला राजाची संमती नॉर्मन फ्रेंचमध्येच जाहीर होते.

नुसताच वाचक: नवा मिक्सर घेतला. खोक्यावर ‘वॉरंटी’, दुकानदार म्हणतो ‘गॅरंटी’. शोधलं तर दोन्ही मूळ एकच! नॉर्मन बोलीत ‘व’, पॅरिसकडे ‘ग’. म्हणून तर इकडे विल्यम, तिकडे गियोम. इंग्रजीनं दोन्ही ठेवून घेतले. दुकानदाराला हे ऐकवलं, तर म्हणाला, “काका, बिल जपून ठेवा.”