मदत हवी आहे : हॉस्पिटलमधल्या शिकाऊ सायकॉलॉजिस्टना एचआयव्ही आणि एलजीबीटीक्यू पेशंटशी बोलायला कसं शिकवायचं?

कृष्णाघाट :

नमस्कार मंडळी, धागा जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मी सांगलीत राहते. इथल्याच एका मोठ्या हॉस्पिटलात सायकॉलॉजिस्ट म्हणून अकरा वर्षं झाली. नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात चूक झालीय आणि त्यातली निम्मी माझी आहे. यंदा एम.ए. झालेली सहा मुलं-मुली आमच्याकडे शिकायला आलीत आणि वरून सांगितलंय की एचआयव्हीचे पेशंट आणि एलजीबीटीक्यू पेशंट यांच्यासाठीचं ट्रेनिंग मीच बसवायचं. सहा आठवडे, आठवड्याला दोन तास, बाकी वेळ वॉर्ड. पैसे जवळपास नाहीतच.

आधी काय झालं ते सांगते म्हणजे प्रश्न कळेल. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. खानापूर तालुक्याकडचा एक पोरगा, तेविशी-चोविशीतला, गलाईच्या (सोनं-चांदी वितळवण्याच्या) दुकानात कामाला म्हणून लांब दक्षिणेत होता. ताप आणि खोकला घेऊन गावी आला, आमच्याकडे ॲडमिट झाला, टीबी निघाला, मग एचआयव्हीची टेस्ट केली ती पॉझिटिव्ह आली. मेडिसिनवाल्यांनी आम्हाला रेफरन्स पाठवला त्यावर एवढंच की पेशंट बोलत नाही, कौन्सेलिंग करा. मी ओपीडीत अडकलेले म्हणून एका नवीन मुलीला पाठवलं. हुशार आहे, मनापासून काम करते. जनरल वॉर्ड, भिंतीकडेचा बेड, आई पायाशी बसून त्याचे पाय चेपत होती. हिने हिरवा पडदा ओढला, स्टूल घेतलं आणि अगदी मायेने विचारलं, "घरी कुणाला सांगितलंय का?" आई म्हणाली, "काय सांगायचंय ओ मॅडम?" पोरगं भिंतीकडे तोंड करून झोपलं ते परत वळलंच नाही. संध्याकाळी स्वतःच्या जबाबदारीवर सही करून डिस्चार्ज घेऊन गेले.

ती मुलगी मला दोन-तीनदा तेच सांगत होती, की मॅडम, आईने पाय चेपायचं थांबवलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी कळलं की पोराने दुसरीकडच्या एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, गोळ्या चालू केल्यात. जीव भांड्यात पडला. पण हे आमच्यामुळे झालेलं नाही, आमच्यातून सुटूनही झालंय.

आता यात त्या मुलीला काय माहीत नव्हतं? कायदा तिला तोंडपाठ आहे. २०१८ हे सालच तसं होतं. मानसिक आरोग्याचा कायदा २९ मे ला लागू झाला, त्यात लैंगिक कलावरून भेदभाव न करता उपचार मिळायचा हक्क स्पष्ट लिहिलाय. ६ सप्टेंबरला ३७७ चा निकाल आला, म्हणजे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, आणि त्यानंतर चारच दिवसांनी, १० सप्टेंबरला, एचआयव्हीचा २०१७ चा कायदा लागू झाला, ज्यात पेशंटच्या संमतीशिवाय त्याचं स्टेटस कुणाला सांगायचं नाही असं आहे. मुलांनी हे सगळं परीक्षेत लिहिलंय. आणि आमच्याकडे आत्ता-आत्तापर्यंत केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात पेशंटचं एचआयव्ही स्टेटस लाल पेनाने गोल करून लिहायचे, तो पेपर वॉर्डबॉय हातात धरून सगळ्यांसमोरून एक्स-रेला न्यायचा. मी भांडून ते बंद केलं, तरी कधीतरी परत दिसतं.

म्हणजे कायदा माहीत असून जमत नाही ते म्हणजे वॉर्ड. कॉलेजात शिकवतात ती खोली बंद दाराची असते, तिथे दोन खुर्च्या आणि पन्नास मिनिटं असतात. आमच्याकडे पडदा आहे आणि पडद्याच्या पलीकडे शेजारच्या बेडचा मावसभाऊ डबा खात बसलेला आहे. नातेवाइकांना बाहेर कसं काढायचं? "जरा बाहेर थांबता का" म्हटलं की तिथेच निम्म्या घराला संशय येतो, न म्हणावं तर पोरगं बोलत नाही. मला याचंच उत्तर सगळ्यात जास्त हवंय.

दुसरं असं की तासगावकडचे एक आई-वडील एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन आले, म्हणाले लग्नाचं बघतोय त्याच्या आत ह्याला सरळ करा. मुलगा खाली बघून घड्याळाचा पट्टा काढत-घालत होता. आमच्या एकाने नंतर मला प्रामाणिकपणे विचारलं की पालकांची इच्छा असेल आणि मुलगा हो म्हणत असेल तर प्रयत्न करायला काय हरकत आहे. मला त्याचा राग नाही आला, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या कौन्सिलांना कळवलंय की कन्व्हर्जन थेरपी, म्हणजे असं 'सरळ' करायचे उपचार, हे व्यावसायिक गैरवर्तन धरा, पण ते डॉक्टरांसाठी, आणि आमची पोरं म्हणतात आम्ही कुठे डॉक्टर. त्यांना नियमाच्या पलीकडे जाऊन हे पटायला हवं की त्या मुलामध्ये दुरुस्त करण्यासारखं काही नाही, आणि तरी समोर बसलेल्या आईबापांना झिडकारायचं पण नाही. हे कसं शिकवता तुम्ही लोक?

कुणी असं ट्रेनिंग घेतलं किंवा दिलं असेल, पेशंट म्हणून अनुभव असेल, तर कृपया लिहा. उघड लिहायचं नसेल तर व्यनि करा.

---

खणाची_चोळी :

ताई, मी एआरटी सेंटरला कौन्सेलर आहे, चौदा वर्षं. तुमचा पडद्याचा प्रश्न आम्ही रोज जगतो म्हणून आधी तेच.

एक, फक्त एचआयव्हीवाल्याच्या नातेवाइकांना बाहेर काढलं तर संशय येणारच. वॉर्डातल्या सगळ्यांनाच काढा. तुमची मुलं ज्या ज्या बेडला जातील, मग तो शुगरवाला असू दे नाहीतर पाय मोडलेला, पहिलं वाक्य एकच, "आमच्याकडे पद्धत आहे, पेशंटशी दहा मिनिटं एकट्याने बोलायचं, नंतर तुमच्याशी बोलते मावशी." आणि नंतर खरंच बोलायचं हां. मावशीला जेवल्या का, झोप होते का विचारायचं. दोन आठवड्यांत सिस्टरच लोकांना सांगायला लागतात की ह्या मॅडम आल्या की बाहेर थांबायचं असतं.

दोन, चालता येत असेल तर वजन करायला न्या. खोटं काही नाही त्यात, आमच्याकडे दर व्हिजिटला वजन घेतातच. काटा सहसा कोपऱ्यात असतो. मी आजवर जेवढं ऐकलंय त्यातलं निम्मं वजनकाट्यापाशी ऐकलंय, माणूस काट्यावर उभा राहून खाली आकड्याकडे बघत बोलतो, तुमच्या डोळ्यात बघावं लागत नाही.

तीन, औषधं शिकवा त्यांना. सायकॉलॉजिस्ट म्हणतात ते आमचं काम नाही, पण हाय की. पूर्वी एफाविरेंझ या एचआयव्हीच्या गोळीवर लोकांना भयानक स्वप्नं पडायची, चक्कर यायची, काहींचं मन पार उदास व्हायचं आणि ते स्वतःला वेड लागलं समजायचे. आता डोल्यूटेग्रावीरची गोळी आहे, त्यावर काहींची झोप उडते. माझ्याकडे एक बाई डिप्रेशन म्हणून पाठवलेली, रात्री दहाला गोळी घ्यायची, डॉक्टरांना विचारून सकाळी केली तर आठवड्यात झोपायला लागली. टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर डोल्यूटेग्रावीरचा बारा तासांनी अजून एक डोस लागतो, म्हणजे लपवायला एक गोळी जास्त. तो तुमचा पोरगा दोन्ही आजारांच्या गोळ्या एका घरात कुठे ठेवणार, हे त्याच्याशी बोलायचं पहिलं काम होतं.

आणि वीस किंवा जास्त माणसं काम करतात अशा दवाखान्यात एचआयव्हीच्या त्या कायद्याने तक्रार अधिकारी लागतो. तुमच्याकडे कोण आहे विचारा. लाल पेनाचं त्यांच्या टेबलावर टाका.

---

रोखठोक_मिरज :

वेगळं ट्रेनिंग कशाला पण? कौन्सेलिंग ते कौन्सेलिंग, माणूस म्हणून वागवा की झालं.

---

सौंदत्तीची_लेक :

@रोखठोक, माणूस म्हणून वागवलं असतं तर मी तीन वर्षं दवाखान्याची पायरी टाळली नसती. मी पारलिंगी बाई आहे. केसपेपरवर जुनं नाव, त्या नावाने भर ओपीडीत हाक मारली, मी उठले तर सगळी रांग वळून बघायला लागली आणि हाक मारणारा परत दोनदा तेच नाव ओरडला, त्याला वाटलं चुकून दुसरंच कुणी उठलंय. मला फक्त दाढ दुखत होती.

कृष्णाघाट ताई, तुमच्या मुलांना तीन गोष्टी सांगा. नाव विचारायचं, "तुम्हाला काय नावाने हाक मारू?" असंच, सगळ्यांना. दुखणं जे असेल त्याच्याबद्दल आधी बोलायचं, माझ्या अंगात काय आहे काय नाही हे दाढेसाठी लागत नाही. आणि समोर साडी दिसली की एचआयव्हीची टेस्ट झालीय का हा पहिला प्रश्न नको.

अजून एक कळकळीने सांगते. आमच्यातल्या कुणाला बोलवाल तर शिकवायला बोलवा, पुढे उभं करून "आता ह्यांचा अनुभव ऐकू" असं नको, ते लई झालंय. रोल प्ले घ्या, त्यात आम्ही डॉक्टर होतो, तुमची मुलं पेशंट होऊ दे. आणि पैसे द्या, थोडे का असेना. सांगलीत तर माणसं शोधायला लांब जायला नको, एचआयव्हीवर काम करणारी संग्राम संस्था १९९२ पासून आहे, देहविक्री करणाऱ्या बायकांच्या व्हॅम्प संघटनेच्या बायका आहेत, देहविक्री करणाऱ्या पुरुष आणि पारलिंगींची मुस्कान आहे. कंडोम कसा वापरायचा हे त्या बायकांनी जेवढ्या लोकांना समजावलंय तेवढं कुठल्या कॉलेजने समजावलं नसेल.

---

कृष्णाघाट :

खणाची_चोळी ताई, वजनकाट्याचं वाचून मी उठून वॉर्डात जाऊन बघून आले. आमचा काटा नर्सिंग स्टेशनच्या अगदी समोर आहे. उद्या सिस्टरांशी बोलून स्टोअरच्या बाजूच्या कोपऱ्यात हलवतेय. तक्रार अधिकाऱ्याचंही विचारलं, नाव सांगायला ऑफिसला दोन दिवस हवेत म्हणे.

सौंदत्तीची_लेक, तुमच्याशी जे झालं त्याबद्दल फार वाईट वाटलं. पहिला तास तुम्ही घ्याल का? व्यनि केलाय. मानधन मी आमच्या वर्गणीतून काढते, वरून मिळालं तर उत्तमच.

@रोखठोक, रागावू नका, पण ती आई पाय चेपत होती तेव्हा आमची मुलगी माणुसकीनेच बोलत होती हो. तिचा आवाज मऊ होता. चुकली ती फक्त जागा आणि वेळ, आणि ते शिकवूनच येतं.

मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हचा क्विअर अफर्मेटिव्ह कौन्सेलिंगचा (एलजीबीटीक्यू पेशंटला आहे तसं स्वीकारून बोलायचा) कोर्स, जो क्विअर लोक स्वतः शिकवतात, तो कुणी केला असेल तर त्यातलं आई-वडिलांशी बोलायचं कसं शिकवलं ते सांगा, तासगावच्या कुटुंबाची पुढची भेट येत्या शुक्रवारी आहे. या वेळी मुलाला आधी एकट्याला आत घेणार आहे, आणि वॉर्डात गेलेली ती आमची नवीन मुलगी माझ्यासोबत बसणार आहे.